एकाच मानेच्या दोन बाजू आणि दोन उलटे निर्णय: ७८ वर्षांच्या पेशंटचं कॅरोटिड ऑपरेशन

स्ट्रोक टाळण्यासाठी मानेतल्या, मेंदूला रक्त नेणाऱ्या कॅरोटिड रक्तवाहिनीचं जे ऑपरेशन करतात त्याबद्दल वयस्कर पेशंटच्या घरी दोन टोकं ऐकू येतात, एक म्हणजे "ब्लॉकेज आहे ना, मग काढून टाका" आणि दुसरं "या वयात कशाला चाकू लावायचा". खालच्या प्रकरणात ही दोन्ही वाक्यं एकाच घरात, एकाच माणसाबद्दल बोलली गेली आणि दोन्ही अर्धी अर्धी बरोबर निघाली. पेशंटची ओळख पटेल असे सगळे तपशील काढलेत किंवा बदललेत, आजाराची गोष्ट तशीच ठेवलीय. मी स्ट्रोक क्लिनिकच्या बाजूने लिहितोय, सर्जनच्या नाही, हे वाचताना लक्षात असू द्या.

पार्श्वभूमी

पेशंटचं वय ७८, सगळे त्यांना काका म्हणायचे म्हणून इथेही काका. आयुष्यभर हिशेबाचं काम, रिटायर होऊनही घरातले सगळे बँकेचे कागद तेच बघायचे. बीपी जुनं, शुगरही दहा-बारा वर्षांची, सिगारेट साठीत सोडलेली. रोज चालायला जायचे, दोन मजले न थांबता चढायचे. कोलेस्टेरॉलची गोळी मागे कधीतरी सुरू झालेली पण पाय दुखतात म्हणून त्यांनी आपली आपणच बंद केली, आणि कुणाला सांगितलं नाही. हे पाय दुखण्याचं प्रकरण इतकं कॉमन आहे की मी आता प्रत्येकाला सरळ विचारतो, "गोळी चालू आहे का" असं नाही तर "शेवटची कधी घेतलीत".

एका सकाळी पेपर वाचताना त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे वरून राखाडी पडदा खाली आला, अर्ध्यावर थांबला आणि चार-पाच मिनिटांत परत वर गेला. दुखलं काहीच नाही. मोतीबिंदू काढलेला होता त्यामुळे घरात ठरलं की लेन्सचं काहीतरी असेल, पुढच्या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवू. खरं तर एका डोळ्यापुढे असा पडदा येऊन जाणं म्हणजे बऱ्याचदा मानेतल्या त्याच बाजूच्या कॅरोटिड रक्तवाहिनीतून सुटलेला बारीक कण डोळ्याच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकलेला असतो, आणि तो पुढे सरकला की नजर परत येते. डोळा नीट झाला म्हणून लोक विसरून जातात.

आठ दिवसांनी चेक लिहिताना उजव्या हातातून पेन घसरलं. उचललं, परत घसरलं. काकूंनी विचारलं काय झालं तर काका काहीतरी बोलले पण शब्द भलतेच, "चष्मा" म्हणायच्या जागी "चावी" वगैरे. दहा-पंधरा मिनिटांत सगळं ठीक. यावेळी मात्र मुलगा घरी होता आणि तो वाद न घालता त्यांना तडक इमर्जन्सीला घेऊन गेला.

तपासण्यांत काय निघालं

एमआरआयमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला तीन बारीक ताजे ठिपके होते. म्हणजे लक्षणं गेली असली तरी मेंदूवर खूण राहिलेली, त्यामुळे याला नुसता मिनी स्ट्रोक न म्हणता छोटा स्ट्रोकच म्हणायला हवं. मानेच्या डॉप्लरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, डाव्या कॅरोटिडला साधारण ८० टक्के अरुंदपणा आणि उजव्या बाजूलाही साधारण ७० टक्के. सीटी अँजिओने दोन्ही आकडे पक्के केले आणि एक जास्तीची गोष्ट दाखवली, हृदयातून निघणारी महाधमनी वर कमानीसारखी वळते तिथे भरपूर कॅल्शियम होतं आणि डाव्या कॅरोटिडचा फाटा तिथून फार तिरका निघत होता. ही गोष्ट पुढे निर्णायक ठरली.

हृदयाचे ठोके मॉनिटरवर नियमित होते, इकोमध्ये गुठळी नव्हती. दुसरा कुठला संशयित सापडला नाही, म्हणजे डाव्या मानेतली ती जागाच गुन्हेगार.

त्याच रात्री अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या सुरू झाल्या, अ‍ॅटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची स्टॅटिन प्रकारातली गोळी मोठ्या डोसमध्ये. बीपी मुद्दाम फार खाली आणलं नाही कारण अरुंद नळीतून मेंदूला रक्त पोचायला थोडा जोर लागतो.

अडचण कुठे होती

आजार कळला होता, त्याबद्दल वाद नव्हता. वाद तीन गोष्टींवर झाला: ऑपरेशन करायचं का, कधी करायचं, आणि उजव्या बाजूचं काय.

मुलाचं म्हणणं, दोन्ही बाजू एकदाच करून टाका, परत परत हॉस्पिटल नको. मुलगी दुसऱ्या शहरात राहायची, ती फोनवर होती आणि तिने भरपूर वाचलेलं. तिचं वाक्य मला आठवतंय: "बाबा अठ्ठ्याहत्तरचे आहेत डॉक्टर, आणि म्हाताऱ्या माणसांमध्ये हे ऑपरेशन तर अर्ध्याहून कमी झालंय म्हणे, मग आपणच उलट्या दिशेला का चाललोय?"

प्रश्न अगदी रास्त होता. म्हणून तिच्या आकड्यांकडे आधी बघू.

ऑपरेशनं कमी झाली ती कुणाची

तिने वाचलेला आकडा खरा आहे. अमेरिकेत ६५ वर्षांवरच्या लोकांचा सरकारी आरोग्य विमा म्हणजे मेडिकेअर, त्याच्या नोंदींवरचा मोठा अभ्यास २०१७ साली आला. १९९९-२००० मध्ये दर लाख लोकांमागे वर्षाला साधारण २९८ कॅरोटिड ऑपरेशनं व्हायची, २०१३-१४ पर्यंत ती १२८ वर आली. स्टेंटचं, म्हणजे अरुंद जागेत आतून जाळीची नळी बसवण्याचं, गणित वेगळं: ४० वरून २००५-०६ ला ७५ वर चढलं आणि मग परत ३८ वर उतरलं. २००४ मध्ये तिथे कॅरोटिड स्टेंटला मान्यता मिळाली, पुढच्या वर्षी मेडिकेअरने ठराविक पेशंटसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, उत्साह वाढला, मग पेशंटचे गट करून उपचारांची तुलना करणाऱ्या मोठ्या चाचण्यांत वयस्कर लोकांमध्ये स्टेंट टाकताना स्ट्रोक जास्त होतात असं दिसायला लागलं आणि उत्साह ओसरला.

त्याच अभ्यासात एक गोष्ट आहे जी मुलीने वाचली नव्हती किंवा तिच्या लक्षात राहिली नव्हती. ऑपरेशनं कमी झाली पण ज्यांची झाली त्यांचे निकाल सुधारले, पहिल्या महिन्यातले आणि वर्षभरातलेही स्ट्रोक-मृत्यू कमी झाले, आणि तेही पेशंट आधीपेक्षा जास्त बीपी-शुगरवाले असताना.

मग कमी कोण झालं? माझ्या मते इथेच सगळी मेख आहे. अमेरिकेत हे ऑपरेशन ज्यांच्यावर होतं त्यातले बहुतेक जण लक्षणं नसलेले असतात, म्हणजे कुठल्यातरी तपासणीत ब्लॉकेज दिसलं म्हणून केलेलं. त्याला आधार होता १९९५ ची अ‍ॅकास चाचणी, त्यात फक्त त्या काळच्या औषधांवर पाच वर्षांत स्ट्रोकचा धोका ११ टक्के आणि ऑपरेशनने ५.१ टक्के असा अंदाज निघाला होता. २००४ च्या अ‍ॅक्स्ट चाचणीत ११.८ विरुद्ध ६.४, पण तिथे फायदा पंचाहत्तरीच्या आतल्यांना स्पष्ट होता, त्यापुढे नाही. आणि त्या काळी "औषधं" म्हणजे मुख्यतः अ‍ॅस्पिरिन. पुढे स्टॅटिन घरोघरी पोचल्या, बीपीची औषधं सुधारली, सिगारेट कमी झाली आणि लक्षणं नसलेल्या माणसाचा धोका वर्षाला दोन-सव्वादोन टक्क्यांवरून एक-दीडच्या आसपास आला. ऑपरेशनचा स्वतःचा धोका त्यातून वजा केला तर हातात फार काही उरत नाही. अमेरिकेतलाच सरकारी तज्ज्ञगट तर लक्षणं नसलेल्या सर्वसाधारण लोकांची मानेची डॉप्लर तपासणी सरसकट करूच नका म्हणतो, २०१४ ला म्हणाला आणि २०२१ ला परत म्हणाला.

लक्षणं झालेल्या माणसाचं गणित मात्र जागचं फारसं हललेलं नाही. १९९१ च्या नासेट चाचणीत ७० टक्क्यांच्या वर अरुंदपणा आणि नुकतीच लक्षणं झालेली माणसं घेतली होती, दोन वर्षांत त्याच बाजूचा स्ट्रोक औषधांवर २६ टक्क्यांना आणि ऑपरेशननंतर ९ टक्क्यांना. आजची औषधं चांगली आहेत त्यामुळे तो २६ आज थोडा कमी असेल, पण फरक इतका मोठा होता की तो नुसत्या गोळ्यांनी भरून निघालाय असं म्हणायला मी तरी धजणार नाही.

तर मुलीला सांगितलं ते असं: तुम्ही वाचलेली घट मुख्यतः बाबांच्या उजव्या बाजूसारख्या लोकांची आहे, डाव्या बाजूसारख्यांची नाही. फोनवर थोडा वेळ शांतता होती, मग ती म्हणाली, "म्हणजे एकाच माणसात दोन पेशंट आहेत." हो, तसंच.

पर्याय, एकेक करून

पहिला पर्याय फक्त औषधं. काकूंना हा मनापासून पटत होता. अडचण एवढीच की लक्षणं झालेल्या ८० टक्के ब्लॉकेजमध्ये पुढचा स्ट्रोक यायचा तर तो बहुधा पहिल्या काही दिवसांत-आठवड्यांत येतो, आणि काकांच्या बाबतीत डोळा आणि मग हात अशा दोन सूचना आधीच येऊन गेल्या होत्या.

दुसरा पर्याय मांडीतून स्टेंट. कापाकापी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी, त्यामुळे "वय झालंय तर स्टेंट बरा" असं सगळ्यांनाच वाटतं आणि मुलालाही वाटत होतं. इथे वय बरोबर उलटं चालतं. २०१० च्या क्रेस्ट चाचणीत प्रक्रियेच्या वेळचे स्ट्रोक स्टेंटमध्ये ४.१ टक्के आणि ऑपरेशनमध्ये २.३ टक्के होते, हार्ट अटॅक मात्र ऑपरेशनमध्ये जास्त, २.३ विरुद्ध १.१. आणि साधारण सत्तरीच्या खाली स्टेंटकडे झुकतं माप, वर ऑपरेशनकडे. कारण समजायला सोपं आहे: मांडीतून मानेपर्यंत जाणारी तार महाधमनीच्या कमानीतून वळवावी लागते, म्हातारपणी ती कमान कडक, वेडीवाकडी आणि कॅल्शियमने खरबरीत झालेली असते, तार घासली की चुरा सुटतो आणि सरळ मेंदूत. काकांची कमान सीटीवर बघितल्यावर स्टेंट टाकणारे डॉक्टर स्वतःच म्हणाले की इथे मी हौस करणार नाही. असं स्वतःहून म्हणणारा डॉक्टर भेटला तर त्याला धरून ठेवा.

मानेतूनच छोटा छेद घेऊन, रक्ताचा प्रवाह तात्पुरता उलटा फिरवून स्टेंट टाकायची नवी पद्धतही आहे, त्यात कमान वाटेत येतच नाही. त्या हॉस्पिटलमध्ये ती होत नव्हती आणि त्यासाठी दुसरीकडे हलवून दिवस घालवायचे का, तर नाही, असं एकमत झालं.

तिसरा पर्याय म्हणजे जुनं उघडं ऑपरेशन, एंडआर्टरेक्टॉमी. मान उघडायची, रक्तवाहिनीला वर-खाली चिमटे लावायचे, चिरून आतला चिकटलेला थर सोलून काढायचा, पॅच लावून शिवायचं. १९५० च्या दशकापासून चाललेलं काम आहे. धोके: ऑपरेशनच्याच वेळी स्ट्रोक, हार्ट अटॅक, मानेत रक्त साठणं, जीभ-ओठ-आवाजाच्या नसांना धक्का. लक्षणं झालेल्या पेशंटमध्ये टीमचा स्ट्रोक-मृत्यूचा आकडा ६ टक्क्यांच्या आत हवा आणि लक्षणं नसलेल्यांत ३ च्या आत, हा वर्षानुवर्षं वापरला जाणारा निकष. मुलाने सर्जनना विचारलं, "तुमच्या हातचे आकडे काय?" सर्जनना राग आला नाही, त्यांनी आपलं रजिस्टर दाखवलं, आकडा सहाच्या बराच खाली होता. हा प्रश्न विचारायला लोक लाजतात, का लाजतात कळत नाही.

चौथा, दोन्ही बाजू एकदम. हा कुणीच डॉक्टर मनावर घेत नव्हता. दोन्हीकडच्या नसांना एकदम धक्का लागला तर गिळणं आणि श्वास दोन्ही अडचणीत येतात, आणि वर लिहिलं तसं उजव्या बाजूची मुळात गरजच शाबीत नव्हती.

पहिला निर्णय: तारीख

ऑपरेशन करायचं ठरलं आणि ऑफिसमधून तारीख मिळाली तीन आठवड्यांनंतरची. घरच्यांना ती बरीच वाटली, तेवढ्यात काका जरा सावरतील, मुलगीही येईल. खरा झगडा मी इथे केला असं म्हणेन.

जुन्या चाचण्यांचे आकडे एकत्र करून २००४ ला जे विश्लेषण झालं त्यात लक्षणांनंतर दोन आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालं तर पाच जणांमागे एकाचा स्ट्रोक टळतो, आणि बारा आठवड्यांपुढे गेलं तर सव्वाशे जणांमागे एकाचा. ऑपरेशन तेच, सर्जन तोच, फक्त कॅलेंडर वेगळं. आणि त्याच विश्लेषणात पंच्याहत्तरीच्या वरच्या लोकांना फायदा सगळ्यात जास्त होता, पाचामागे एक, तर पासष्टीच्या आतल्यांना अठरामागे एक. म्हणजे लक्षणं झालेल्या माणसात वय हे ऑपरेशन न करण्याचं कारण असण्यापेक्षा लवकर करण्याचं कारण आहे, अर्थात माणूस बाकी धडधाकट असला तर.

फार घाई पण नको. स्वीडनच्या रजिस्ट्रीत पहिल्या दोन दिवसांतल्या ऑपरेशनांमध्ये महिनाभरातले स्ट्रोक-मृत्यू ११.५ टक्के होते आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसात ३.६. म्हणून तिसऱ्या दिवसानंतर आणि दोन आठवड्यांच्या आत, ही खिडकी.

आता दोन आठवडे कुठून मोजायचे? फॉर्मवर सगळ्यांनी हाताचा दिवस लिहिला होता. पण खरी पहिली घटना डोळ्याची, आठ दिवस आधीची. तसं मोजलं तर खिडकी जवळजवळ संपत आलेली. हे दाखवल्यावर सर्जननी दुसऱ्या एका पेशंटशी बोलून, ज्याला थांबणं चालत होतं, तारीख बदलून घेतली. ऑपरेशन झालं हातानंतर सहाव्या दिवशी, डोळ्यानंतर चौदाव्या.

मधल्या दिवसांत "धडधाकट" हे नुसतं बघून ठरवलं नाही. चालण्याचा वेग, खुर्चीतून हात न टेकता उठणं, एक छोटी स्मरणशक्तीची चाचणी, किडनीचा रिपोर्ट, हृदयाचा अंदाज हे सगळं बघितलं. माझ्या अनुभवात वयाच्या आकड्यापेक्षा खुर्चीतून उठणं जास्त बोलतं.

दुसरा निर्णय: रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या

भूलतज्ज्ञांना क्लोपिडोग्रेल पाच दिवस आधी बंद हवी होती, मानेत रक्त साठलं तर श्वासनळी दाबली जाते म्हणून. आमचं म्हणणं, याच पाच दिवसांत कण सुटायची भीती सगळ्यात जास्त, गोळी बंद केली तर आपणच दार उघडं ठेवल्यासारखं. दोन्ही बाजूंना तथ्य होतं. शेवटी दोन्ही गोळ्या चालू ठेवून ऑपरेशन करायचं ठरलं, सर्जन म्हणाले टाके घालताना मी वेळ घेईन आणि साठणारं रक्त बाहेर काढणारी नळी (ड्रेन) ठेवीन.

ऑपरेशन

पूर्ण भूल की फक्त मान बधिर, यावर २००८ च्या गाला चाचणीत साडेतीन हजारांहून जास्त पेशंटमध्ये ठळक फरक निघाला नव्हता, त्यामुळे टीमला जे सवयीचं ते. इथे मान बधिर करून, पेशंट जागा. काकांच्या उजव्या हातात दाबलं की चीं आवाज करणारं रबरी खेळणं दिलं होतं. डावी कॅरोटिड चिमट्याने बंद केली की मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त फक्त बाकीच्या वाटांनी पोचतं, आणि ते पुरत नसेल तर उजवा हात पहिला ढिला पडतो. भूलतज्ज्ञ दर थोड्या वेळाने म्हणायचे "काका, दाबा" आणि चीं. वाटलं असतं तर तात्पुरती नळी टाकून रक्त वळवायची तयारी होती, ती लागली नाही. पाढे म्हणायला सांगितले तर काका एकोणतीसचा म्हणायला लागले, त्यात भूलतज्ज्ञच मागे पडले.

निघालेला थर बाहेर ठेवला होता तो मी पाहिला, पिवळट, कडेला कडक, मध्ये मऊ आणि त्या मऊ भागावर एक फाटलेली जागा, तिच्यावर गडद लाल ताजी गुठळी. डोळा आणि हात दोन्हीचा उलगडा तिथेच होता.

नंतर काय झालं

त्या रात्री मानेला सूज आली, वाढते का हे दर तासाला पेनाने कडा आखून बघितलं, वाढली नाही, परत उघडायची वेळ आली नाही. डाव्या बाजूचा खालचा ओठ किंचित लोंबला, गुळण्या करताना पाणी त्या कोपऱ्यातून गळायचं. काकांना स्ट्रोकच आला असं काकूंना वाटलं आणि त्या रडायला लागल्या. तो जबड्याखालच्या नसेवर आलेला ताण होता, साधारण तीन महिन्यांत गेला. कानाची पाळी बधिर झाली ती बरेच महिने तशीच होती. या दोन गोष्टी आधी सांगितल्या होत्या, पण संमतीच्या कागदावरच्या लांब यादीत सांगितल्या होत्या, आणि तशा सांगितलेल्या गोष्टी कुणाच्या डोक्यात राहत नाहीत.

खरी धास्ती पुढे आली. तिसऱ्या दिवशी घरी गेले, आणि ऑपरेशनच्या पाचव्या दिवशी डाव्या कपाळावर आणि डोळ्यामागे ठणका सुरू झाला. घरात ठरलं, दगदग झालीय, झोपू द्या. संध्याकाळी मुलीने फोनवर ऐकलं आणि म्हणाली बीपी बघा. वरचं १९६.

वर्षानुवर्षं कमी दाबाला सवयीच्या झालेल्या मेंदूच्या भागात अचानक पूर्ण जोराने रक्त आलं की तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांना ते आवरत नाही. त्याच बाजूला डोकं दुखतं, मग झटके, आणि सगळ्यात वाईट म्हणजे मेंदूत रक्तस्राव. हे होतं क्वचित, पण झालं तर ऑपरेशनची सगळी कमाई एका रात्रीत जाते. काकांना परत ॲडमिट केलं, सीटीमध्ये रक्तस्राव नव्हता, शिरेतून औषध देऊन बीपी हळूहळू १४० च्या खाली आणलं, दोन दिवसांत डोकं थांबलं.

आज एक वर्षाहून जास्त झालंय. नवा स्ट्रोक नाही. डावी बाजू डॉप्लरमध्ये मोकळी. क्लोपिडोग्रेल ठरल्याप्रमाणे थांबवली, अ‍ॅस्पिरिन चालू. पाय दुखतात म्हणून स्टॅटिन परत बंद पडू नये यासाठी दुसरी स्टॅटिन कमी डोसमध्ये आणि सोबत इझेटिमिब ही कोलेस्टेरॉलचीच वेगळी गोळी अशी जोडी बसवली, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल ७० च्या खाली आहे.

काय वेगळं करता आलं असतं

डोळ्यापुढचा पडदा हा इमर्जन्सीचा विषय आहे हे बीपी-शुगरच्या नेहमीच्या फॉलोअपमध्येच घरच्यांना सांगितलेलं असतं तर आठ दिवस वाचले असते. चेहरा, हात, बोलणं एवढंच लोकांना पाठ असतं, त्यात डोळा नसतो.

डिस्चार्जच्या कागदावर "बीपी नियमित तपासा" असं लिहिलं होतं. किती वेळा, आणि किती आकड्याला फोन करायचा, काहीच नाही. सकाळ-संध्याकाळ बीपी, वरचं १५० च्या पुढे गेलं किंवा ऑपरेशनच्या बाजूला डोकं दुखायला लागलं तर त्याच क्षणी फोन, अशी एक ओळ असती तर तो पूर्ण दिवस झोपण्यात गेला नसता. त्यानंतर त्या वॉर्डने कागद बदलला, आकडा आणि फोन नंबर दोन्ही वर मोठ्या अक्षरात.

दोन्ही गोळ्या चालू ठेवण्याच्या निर्णयावर भूलतज्ज्ञ अजून पूर्ण खूश नाहीत आणि ती सूज वाढली असती तर मीही आज वेगळं लिहिलं असतं, हे मान्य. तरी परत तोच पेशंट आला तर मी तेच म्हणेन, कारण सूज दिसते आणि तिच्यावर काही करता येतं, मेंदूत गेलेला कण आधी दिसत नाही.

आणि उजवी बाजू

उजव्या बाजूला तेव्हा फक्त औषधं ठरली. सहा महिन्यांनी डॉप्लर केला, अरुंदपणा होता तिथेच.

मग नोव्हेंबर २०२५ ला क्रेस्ट-२ या नव्या चाचणीचे निकाल आले, लक्षणं नसलेल्या ७० टक्के आणि वरच्या ब्लॉकेजवर आजची तगडी औषधं एकटी विरुद्ध औषधं अधिक प्रक्रिया. स्ट्रोक किंवा सुरुवातीचा मृत्यू ऑपरेशनच्या गटात चार वर्षांत ३.७ टक्के आणि नुसत्या औषधांवर ५.३, हा फरक ठोस म्हणण्याइतका नव्हता. स्टेंटच्या गटात मात्र २.८ विरुद्ध ६.०, हा ठोस निघाला. मुलीने अर्थातच वाचलं आणि पुढच्या व्हिजिटला स्वतः आली: "आता उजवीकडे स्टेंट टाकायचा का?"

शंभर जणांना स्टेंट टाकला तर चार वर्षांत साधारण तिघांचा स्ट्रोक टळतो, आणि हा फायदा निवडक, अनुभवी हातांकडून, स्टेंटला योग्य शरीररचना असलेल्या लोकांत दिसलेला. काकांची कमान तीच आहे, कॅल्शियम कुठे गेलेलं नाही, वय आता ऐंशीकडे चाललंय. काकांनी स्वतः आकडे कागदावर मांडले, सवयच ती, आणि म्हणाले की तीन टक्क्यांसाठी चार वर्षं थांबायचं आणि धोका आजच घ्यायचा हा सौदा मला जमत नाही. मुलगा अजूनही कुरकुरतो.

तर सध्या ठरलंय ते असं: वर्षातून एकदा डॉप्लर, औषधं आहेत तशीच. उजव्या बाजूचा अरुंदपणा मधल्या काळात झपाट्याने वाढला, एमआरआयवर उजवीकडे गुपचूप झालेला ठिपका दिसला, किंवा डाव्या हाताला अथवा उजव्या डोळ्याला एक मिनिट जरी काही झालं तर हे सगळं परत टेबलावर येणार, आणि शेवटचं कारण घडलं तर डॉप्लरची वाट न बघता त्याच दिवशी.